गाऱ्हाण्याचा हेल

माझ्या लेकीला मालवणी येत नाही. आता तिचीच मुलं कॉलेजात आहेत, आणि दर गणपतीला कुणी ना कुणी शहाणा मला विचारतोच की तुम्ही दोघंही तिकडचे, मग पोरीला कसं येत नाही? मी म्हणते, नाही येत. एवढं बोलून चहा टाकायला आत जाते. कारण सांगत बसले तर चहा निवेल, आणि विचारणाऱ्याला तरी कुठे एवढं ऐकायचं असतं! पण आज लिहायला बसलेच आहे तर सांगते.

माझं माहेर मिठबावचं, सासर आचऱ्याजवळच्या एका खेड्यातलं. दोन्ही गावं एकाच किनाऱ्यावर, पण लग्न होऊन सासरी गेले तर नणंद माझी नक्कल करायची, मी म्हणे शब्द ओढून बोलते. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, आमच्याकडे तेवढेही कोस लागत नाहीत, मधे एक खाडी पुरते. माणसानं तोंड उघडलं की तो खाडीच्या कुठल्या अंगाचा ते कळायचं. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. नाक जसं असतं तसा बोलण्याला हेल असतो, एवढंच.

आमचे हे मुंबईत एका कचेरीत कारकून होते. पन्नास सालानंतर लवकरच मी गिरगावातल्या चाळीत बिऱ्हाड मांडलं. आमच्या मजल्यावर कोल्हापूरकडची एक बाई होती, ती लेकराला लाडानं हाक मारायची तरी आम्हाला वाटायचं भांडण लागलं. पलीकडे कारवारचं एक कुटुंब होतं, त्यांचं बोलणं आमच्या कानाला जवळचं, पण वाक्याच्या शेवटी ते असे वर जात की मी हातातलं काम टाकून ऐकत राही. राजापूरकडच्या एक आजी होत्या, त्या तर नाकातून गात बोलायच्या. पहिली दोन-तीन वर्षं मला गॅलरीतून कोण गेलं ते दार न उघडता कळत असे. मग हळूहळू कळेनासं झालं. कोल्हापूरकरीण मुलांच्या शाळेत जाऊन आली की तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि पुढे तो बारीकच राहिला. तिची सख्खी बहीण गावाहून आली तेव्हा ही बया तिला म्हणते, अगं हळू, इथे असं नाही बोलत. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मनात म्हटलं, बाई गं, तू तर गेलीस!

आमच्या घरात तर ते फार आधीच सुरू झालं होतं. ह्यांच्या कचेरीत पहिल्याच महिन्यात टेलिफोनवर काही बोलायची वेळ आली. हे बोलले तसेच, घरी बोलतात तसे. टेलिफोन ठेवून वळून बघतात तो सगळी टेबलं हसत होती. एक जण म्हणाला, काय रे, नाटकातला गडी आपल्याकडे नोकरीला लागला की काय? तेव्हा नाटकांतून मालवणी बोलणारा तो घरगडीच, आणि त्यानं तोंड उघडायचं ते लोकांना हसवायलाच, अशी रीत होती. हे घरी आले आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील, तुम्ही कशाला उपाशी राहता? पण त्यांच्या मनाला ते लागलं ते लागलंच.

हुशार माणूस. वर्षभरात असं काही शुद्ध बोलायला लागले की पुण्याचे साहेबसुद्धा म्हणाले, तुम्ही कोकणातले वाटत नाही हो. त्या दिवशी घरी पेढे आले होते. माझ्याशीही ते शुद्धच बोलायचे. मुलगी झाल्यावर तर नियमच केला, घरात मालवणी नको, पोरीला उद्या शाळेत कुणी हसता कामा नये. मी आपली खालच्या मजल्यावरच्या, आमच्याच बाजूच्या ताईबाईंशी, भाजीवाल्याशी बोलून हौस भागवायची. ह्यांच्यापुढे शब्द घशात आले की गिळायची, आणि कधी गिळले गेले नाहीत तर भांडण व्हायचं. मी म्हणायचे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमचं उलटंच, सुंभ धडधाकट आणि पीळ तेवढा जाळून टाकलात.

पण मालवणी पुरती जाळली नव्हती. ती एका वेगळ्याच जागी ठेवली होती. कचेरीतल्या सत्यनारायणाला कुणीतरी आग्रह केला, तो टेलिफोनवरचा गडी करून दाखव ना! ह्यांनी करून दाखवला. मान पुढे काढायची, डोळे फिरवायचे, आवाज पार वर न्यायचा आणि तिथून खाली सोडायचा. लोक गडाबडा लोळले. तेव्हापासून दर सत्यनारायणाला, कुणाच्या बढतीला, कुणाच्या मुलाच्या बारशाला ह्यांना बोलावणं. ह्यांचं म्हणणं असं की हसायचेच आहेत ना, मग मी हसवीन तेव्हा हसतील. ह्यात काही खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्यात सगळ्यांत गाजलेली नक्कल होती गाऱ्हाण्याची. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवळात, देवासमोर उभं राहून एका माणसानं सगळ्या गावासाठी, बारा-पाचाचा मेळ म्हणतात त्याला, मागायचं, मोठ्यानं, हाक घालून. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ते म्हटलं की मागणी देवापर्यंत पोचली असं धरतात. ह्यांनी कचेरीसाठी त्याचं असं केलं होतं की थोरल्या साहेबाला देव करायचं आणि म्हणायचं, "बा सायबा म्हाराजा! जी काय तुझी लेकरां ह्या कचेरीत खर्डेघाशी करतत, तेंका..." इथे थांबायचं. डोळे गरगर फिरवायचे. लोक हसून घेतात तेवढा वेळ द्यायचा. मग एकदम, "बढती दी म्हाराजा!" आणि सगळी कचेरी, साहेबासकट, "व्हय म्हाराजा!"

आमची लेक हे बघत मोठी झाली. घरी कुणी पाहुणा आला आणि ह्यांनी मान पुढे काढली की ती मांडी ठोकून बसायची आणि थांबण्याच्या जागेच्याही आधी हसायला लागायची. बापाच्या तोंडून तिनं मालवणी ऐकली ती एवढीच. मीही हसायचे. का हसू नये? छानच करायचे ते.

आता ह्यातली खरी गोष्ट सांगायला हवी. गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराचा होता. माझे सासरे घालायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. सासरे बारीक, काटकुळे, एरवी चार शब्द बोलायला सांगावं तर तीन बोलतील. पण देवळात उभे राहिले की असा आवाज लागायचा की लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मला रडूच आलं होतं. ओरडायचे नाहीत ते. आपल्याच घरातल्या मोठ्या माणसाला परड्यातून हाक मारावी तसा आवाज, त्यात धाक होता, माया होती, थोडा रागही होता. समुद्रावर गेलेल्यांचं नाव निघालं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

साठ सालानंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्या वर्षी ह्यांना रजा मिळाली नाही, तेव्हा गाऱ्हाणं ह्यांच्या चुलतभावानं घातलं, तात्पुरतं म्हणून. तो गावातच शेती करून राहणारा, सरळ माणूस, पण त्याच्याही घरात मुलगे होते आणि मान कुणाला नको असतो? गावच्या मानकऱ्यांनी सांगून पाठवलं की पुढल्या जत्रेला मुलानं यावं, नाही आला तर मान कायमचा चुलत घराकडे जाईल. सासूबाईंचा निरोप आला की हे बाज धरून पडलेत ते त्याच एका दिवसासाठी.

ह्यांनी रजा काढली. रोज संध्याकाळी खोलीत तोंडानं पुटपुटत गाऱ्हाणं घोकू लागले. मी स्वयंपाक करता करता ऐकायची. शब्द सगळे होते, वडिलांचं गाऱ्हाणं लहानपणापासून कानावरून गेलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तरी मला कसंसंच व्हायचं. काय चुकतंय ते सांगता येईना. एकदा म्हटलं, मामंजी म्हणतात तसं म्हणा ना जरा. हे भडकले. म्हणाले, तसंच तर म्हणतोय! लेक तेवढ्यात आतून धावत आली आणि विचारायला लागली, पाहुणे आले का? मी तिला खेळायला पिटाळली आणि पोळी तव्यावर करपवली.

बोटीनं आचऱ्याच्या बंदरात उतरलो. भातं कापून झाली होती, घरापुढच्या खळ्यात भाताच्या उडव्या रचलेल्या. वाटेत गावातले एक म्हातारे भेटले, ह्यांना खांद्यावर खेळवलेले. त्यांनी विचारलं, "कधी इलंस रे?" ह्यांनी हात जोडून सांगितलं, आत्ताच आलो काका, तब्येत बरी आहे ना? मग म्हाताऱ्यानंही मालवणी सोडली आणि मामलेदार कचेरीत उभं राहून बोलतात तसं अडखळत म्हणाला की होय, बरी आहे, आपला प्रवास चांगला झाला असेल. आपला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे घरी जो जो भेटायला आला तो ह्यांच्याशी असंच बोलला, आणि ओटीवरून उतरून खळ्यात गेला की तिथे मोकळ्या तोंडानं बोलू लागायचा. हे खांबाला टेकून त्या खळ्यातल्या गप्पा ऐकायचे. मधे पडायला जायचे आणि तोंड उघडून परत मिटायचे. इच्छा नव्हती असं नाही हो, इच्छा खूप होती. मला दिसत होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ह्यांनी वडिलांसमोर गाऱ्हाणं म्हणून दाखवलं. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग डावा हात उचलून ह्यांच्या गळ्यावर ठेवला आणि दाबत दाबत खाली छातीपर्यंत आणला, पोटापर्यंत आणला. पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला. तोंडातून नुसतं आं, आं. सासूबाई म्हणाल्या, आशीर्वाद देतत तुका. हे पाया पडले. मला काही तो आशीर्वाद वाटला नाही. सांगणं होतं ते, पण सांगणाऱ्याला वाचा नव्हती आणि आम्हाला अक्कल नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. मांडीवर मानाचा नारळ, डाव्या हातानं घट्ट धरलेला. सभामंडप भरला होता. पुढे मानकरी, मागे गाव, मुंबईहून आलेले चाकरमानी कडेकडेनं. आम्ही बायका एका बाजूला खांबांच्या आडोशानं, लेक माझ्या पुढ्यात. हे सोवळं नेसून उभे राहिले. पाठमोरे मला अगदी सासऱ्यांसारखे दिसले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ बोललं. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, जमलं गं बाई.

"आज ह्यो तुझो बारा-पाचाचो मेळ तुझ्या पायाकडे उभो रवलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा कमी आलं. मला पुढच्याच क्षणी कळलं का ते. ह्यांची मान पुढे आली होती. आवाज वर वर चालला होता.

"जी काय तुझी लेकरां पोटाच्या पाठसून मुंबैक गेली आसत, तेंका..."

आणि हे थांबले. तिथेच, त्याच जागी. मुद्दाम नाही थांबले, देवाशपथ नाही. इतकी वर्षं त्या जागेवर थांबून थांबून जीभच तशी वळली होती. दुसरी मालवणी त्यांच्याजवळ उरलेलीच नव्हती. त्या शांततेत आमची लेक खळखळून हसली आणि तिनं टाळी वाजवली.

सासूबाईंनी तिच्या तोंडावर पंजा दाबला. पण चाकरमान्यांतले दोघे-तिघे पोरगे फिसकन हसून गेले होते, कारण त्यांनीही मुंबईत नाटकं पाहिली होती. ह्यांनी घाईनं वाक्य पुरं केलं, "सांभाळ म्हाराजा!" कुणी व्हय म्हटलं नाही. म्हातारे मानकरी जमिनीकडे बघत होते. ह्यांनी आणखी एक मागणी म्हटली. पुन्हा काही नाही. गाऱ्हाण्याला व्हय मिळालं नाही की ते पुढे सरकत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मग ह्यांना काय सुचलं कोण जाणे, भीतीच वाटली असणार, हात जोडून चक्क शुद्ध भाषेत म्हणाले, देवा, सर्वांचं कल्याण कर. साहेबाकडे रजा मागतात तसं.

मी पोरीला दंडाला धरून खांबाआड ओढली आणि कानात सांगितलं, गावातलं बोलणं ऐकून पुन्हा हसलीस तर बघ. तिचे डोळे भरून आले. बिचारीला कळेचना आपलं काय चुकलं. तिनं तर बाबांचं कौतुक केलं होतं.

बाहेर डोकावले तो मानकऱ्यांतला वडीलधारा चुलतदिराकडे बघत होता. दीर जागचा हलला नाही. तो सासऱ्यांकडे बघत होता. सगळं देऊळच त्या खुर्चीकडे बघायला लागलं. सासऱ्यांनी किती तरी वेळ नारळ सोडला नाही. मग डाव्या हातानं तो उचलला आणि पुतण्याच्या पुढे धरला. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दिरानं नारळ घेतला, कपाळाला लावला, आणि उभा राहून साध्या, जरा घोगऱ्या आवाजात हाक घातली. देऊळ दणाणलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, एकामागून एक. ह्यांचेही ओठ हलत होते. मी पाहिलं, तेही म्हणत होते, सगळ्यांत मागे उभे राहून.

तो मान पुन्हा आमच्या घरात आला नाही. आजही दिराचे मुलगे घालतात गाऱ्हाणं, आणि चांगलं घालतात. मला त्यांचा राग नाही. कुणाचा आहे ते मात्र अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्या टेलिफोनवर हसलेल्या टेबलांचा म्हणावा तर ती माणसं काही वाईट नव्हती, माझ्या बाळंतपणात त्यांनीच धावपळ केली होती.

त्या दिवशी घरी आलो. गाव जत्रेत होतं, तिन्हीसांजेचं घर रिकामं. सासऱ्यांना पडवीत बाजेवर निजवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाई देवाशी दिवा लावायला आत गेल्या. मी लेकीला मांडीशी घेऊन उंबऱ्यात बसले होते, ती अजून हुंदके देत होती. हे आले आणि वडिलांच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. मग ह्यांनी वडिलांचं ते गेलेलं उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"बाबा," ते म्हणाले, "तुमचो आवाज माज्या कानात आसा. तोंडात येवक नाय ओ. लय सोदलंय मी. माका खंय गावाकच नाय."

मी चमकून वर पाहिलं. मान पुढे आली नव्हती. आवाज चढला नव्हता. तो आवाज सासऱ्यांचा होता, जसाच्या तसा, तीच माया, तोच दाटून आलेला राग. लग्न झाल्यापासून मी तो ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. बाजेवर सासऱ्यांनी मान वळवली आणि डावा हात पुढे केला. ह्यांनी त्यावर कपाळ टेकलं आणि आणखी काहीतरी बोलू लागले, तसंच, त्याच आवाजात.

लेकीचे हुंदके थांबले होते. ती कान देऊन ऐकत होती. तिनं माझा पदर ओढला. मघाशी रागावले होते म्हणून ह्या वेळी तिनं आधी विचारून घेतलं.

"आई, आता हसायचं का?"

हळूच विचारलं होतं तिनं, पण पडवी लहान होती. हे बोलता बोलता थांबले.